थांबा, मारू नका!

बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३ आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक पत्रिका पाहणारा, एक साप पकडणारा आणि एक किड्यांचे फोटो काढणारा असतो. पहिल्याकडे लोक लग्न ठरताना जातात, दुसऱ्याकडे साप निघाल्यावर. तिसऱ्याकडे कुणी जात नाही. तोच लोकांकडे येतो.

घाटावर असो की घाटाखाली, हा बहुधा निवृत्त मास्तर असतो. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेला असला तरी गाव त्याला 'सर'च म्हणतं, कारण भेटला की तो शिकवतो. सकाळी साडेसहाला जास्वंदीसमोर गुडघे टेकून, मान खाली आणि कंबर वर, अशा अवस्थेत श्वास रोखून बसलेला प्रौढ गृहस्थ दिसला की समजावं, हेच ते. दूधवाला नवा असेल तर विचारतो, "काय हरपलं सर?" जुना असेल तर फाटकाबाहेरच गाडी बंद करतो आणि किटली हातात धरून चवड्यांवर येतो.

वेळ सकाळचीच का, याला शास्त्र आहे. किड्यांचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम किंवा गार असतं. ऊन लागेपर्यंत त्यांचे पंख आणि पाय नीट चालत नाहीत, म्हणून दंवात भिजलेला चतुर काडी धरून मुकाट बसून राहतो. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर, थंड हवेचं. तिथे ही मुदत जरा जास्त मिळते, त्यामुळे घाटावरचे सर आपले फोटो सरस समजतात. मलकापूर-नांदुऱ्याकडचे सर म्हणतात, आमच्याकडे ऊन जास्त, म्हणून किडेही जास्त. दोघेही एकमेकांचे फोटो पाहून "छान" म्हणतात आणि मनात "फोकस हुकलाय" म्हणतात.

सरांची हत्यारं फार नसतात. मोबाइलला चिमट्याने अडकवायचं भिंग, कपाळावर बांधायची बॅटरी, आणि फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून त्याच्यापुढे धरायचं श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. भिंग जितकं जवळ न्यावं तितका चित्रातला स्पष्ट भाग आकसत जातो. डोळे नीट आले तर पाय धूसर, पाय आले तर डोळे गायब. म्हणून एका फोटोसाठी पन्नास काढावे लागतात, आणि मोबाइल भरला की नातवाच्या वाढदिवसाचे पुसावे लागतात. नातू काय, पुढच्या वर्षी पुन्हा वाढदिवस करेल. तो भुंगा पुन्हा येईलच असं नाही.

घरात सर अल्पमतात असतात. काकूंनी कुंडीत कढीपत्ता लावला तो पोह्यांसाठी. सरांनी तो कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या नावे करून दिला. याची मादी कढीपत्त्यावर नाहीतर लिंबावर अंडी घालते. अळी लहान असते तोवर हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की हिरवी होते आणि बोट लावलं तर डोक्यामागून तांबडी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. हे सगळं सर पाहुण्यांना पोहे खाताना सांगतात. पोह्यांत कढीपत्ता नसतो.

पावसाळ्यात कुंभारीण येते आणि मिक्सरच्या सॉकेटमध्ये चिखलाचं घर बांधते. आत ती अळ्या भरून ठेवते. मारलेल्या नव्हे, डंख करून सुन्न केलेल्या, म्हणजे पिल्लाला ताजं अन्न मिळतं. पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्या सॉकेटला हात लावायचा नाही, असा सरांचा हुकूम सुटतो. श्रावणभर चटणी पाट्यावर वाटली जाते. सर वाटत नाहीत. सर फोटो काढतात.

खरी लढाई दिवाळीच्या आधी, जळमटं काढायच्या दिवशी. जिल्ह्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. तिथला कोअर आणि बफरचा नियम सरांनी घरी लागू केला आहे. स्वयंपाकघर आणि देवघर काकूंचं, बैठक बफर, न्हाणी आणि जिना कोअर. कोअरमध्ये झाडू न्यायला परवानगी लागते. एकदा काकू परवानगीविना न्हाणीत शिरल्या. कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांची कोळीण होती. झाडू जवळ येताच ती जाळ्यासकट थरथरू लागली, पण तोंडातला अंड्यांचा पुंजका तिने सोडला नाही. काकूंची तीन बाळंतपणं झालेली. झाडू आपोआप खाली आला. सरांनी या प्रसंगाचा फोटो काढला, कोळिणीचा.

काकू पुरत्या फितल्या त्या मात्र एका चकचकीत हिरव्या गांधीलमाशीमुळे. मोरीच्या जाळीशी तिने एक झुरळ गाठलं. पहिला डंख छातीत, पुढचे पाय लुळे पडावेत म्हणून. दुसरा थेट मेंदूत, पळून जाण्याची इच्छाच मरावी म्हणून. मग तिने त्याच्या मिशा निम्म्या कुरतडल्या आणि उरलेली मिशी धरून, वेसण धरून बैल न्यावा तसं त्या झुरळाला बिळाकडे नेलं. झुरळ आपल्या पायांनी चालत गेलं. बिळात ती त्याच्यावर एक अंडं घालते आणि निघालेली अळी झुरळाला जिवंतपणीच आतून खाते. सर हे थरथरत्या आवाजात सांगत होते. काकूंनी शांतपणे विचारलं, "अशा आणखी दोन-चार मिळतील काय?"

घर जिंकलं तरी गल्ली उरते. पतंग पाहण्यासाठी सर गच्चीवर पांढरी चादर बांधून तिच्यापुढे दिवा लावतात. चांदणं असलं की दिव्यावर पतंग कमी येतात, म्हणून ते अमावस्या निवडतात. आता अमावस्येच्या मध्यरात्री गच्चीवर पांढरी चादर, दिवा आणि त्यापुढे काहीतरी अगम्य पुटपुटणारा माणूस पाहून शेजाऱ्यांनी काय समजावं? त्यात पाठीवर कवटीचं चित्र असलेला, धरला की चिरकणारा पतंग आला आणि सर आनंदाने ओरडले. सकाळी पलीकडच्या आजींच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती. सर त्या लिंबावर बसलेल्या माशीचा फोटो काढायला गेले. जुलैच्या अखेरीस जगभर पतंगांचा सप्ताह असतो, २०१२ पासून चालू आहे, असं त्यांनी आजींना समजावलं. सप्ताह म्हटल्यावर आजी निवळल्या. "मंग महाप्रसाद कधी हाय?"

फोटो काढणं हा सरांचा छंद, नाव लावणं हा आजार. आधी पाय मोजायचे. सहा असले तर कीटक, आठ असले तर कोळी-विंचवाच्या भाऊबंदांपैकी. पेरणीच्या दिवसांत काळ्या मातीवर लाल मखमल पांघरून निघणाऱ्या मृगाच्या किड्यालाही आठ पाय, म्हणजे तोही कोळ्याच्याच गणगोतातला. सर धुऱ्यावर पालथे पडून हे सांगतात, तेव्हा शेतकरी म्हणतो, "असंल सर, पण आता पेरू का थांबू?"

कुळापर्यंत सर सुखाने पोचतात. पुढे पत्रिका अडते. मोबाइलला विचारावं तर तो चिखलीच्या कोळ्याला ऑस्ट्रेलियाचा रहिवासी ठरवतो. कोळ्याची नेमकी जात सांगायची तर बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जननेंद्रियं तपासावी लागतात. हेही सर बैठकीत, पुतणीला पाहायला आलेल्या मंडळींसमोर सांगतात. भारतीय कोळ्यांवरचं बी. के. टिकादर यांचं १९८७ सालचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी असतं आणि ज्ञानेश्वरीपेक्षा जास्त वेळा उघडलं जातं. अमरावती विद्यापीठात कोळ्यांचा अभ्यास केलेले डॉ. गणेश वानखेडे यांचं नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावतात. आणि इतकं सगळं करून सरांचं उत्तर 'बहुतेक'ने सुरू होतं.

नावांच्या बाबतीत त्यांनी गल्लीतली पोरं मात्र जिंकली आहेत. टीव्हीच्या काचेवर उड्या मारत चिलटं धरणाऱ्या कोळ्याच्या भाऊबंदांत एकाचं नाव 'मारेंगो सचिनतेंडुलकर' आहे, २०१९ साली ठेवलेलं. ठाण्याकडे सापडलेल्या दुसऱ्याचं 'इसियस तुकारामी', २०२१ सालचं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबची बंदूक धरून ठेवत प्राण देणारे तुकाराम ओंबळे, त्यांच्या स्मरणार्थ. तेव्हापासून पोरं उड्या मारणाऱ्या कोळ्याला मारत नाहीत. सचिनला कोण आउट करणार? एखाद्या कोळ्याला आपलंही आडनाव लागावं, अशी सरांची गुप्त इच्छा आहे. काकू म्हणतात, "घराच्या उताऱ्यावर माझं नाव लावायचं राहिलंय, ते आधी पाहा."

गावात सरांची पत वाढली ती एका फोडामुळे. पावसाळ्यात सकाळी मानेवर जळजळीत फोड उठला की आपल्याकडे निदान ठरलेलं, कातीण मुतली. सरांनी कातिणीचं वकीलपत्र घेतलं. दिव्याभोवती येणारा, मुंगीएवढा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा एक भुंगा त्यांनी पानावर घेऊन सगळ्यांना दाखवला. हा चावत नाही, डंख करत नाही. मानेवर बसल्यावर आपणच त्याला रगडतो, त्याच्या अंगातलं दाहक द्रव्य कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी फोड येतो. त्याला फुंकून उडवावं आणि ती जागा साबणाने धुवावी. कातीण निर्दोष सुटली. पलीकडच्या आजी म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं आमी उगाच मारल्या काय?" सरांना महाप्रसाद मिळाला तो इथे.

आणि २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, सुमारे १३०० किलोमीटर चालत ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हा अवघा जिल्हा बोथ्याच्या रस्त्याला लागला. सरही गेले. परतल्यावर मित्रांनी घेरलं, "दिसला काय सर?" सर म्हणाले, "दिसला ना! शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेत होता."

एवढं हसून झाल्यावर, या माणसाचा उपयोग काय, ते पऱ्हाटीच्या हंगामात कळतं. शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत पान घेऊन येतो. "सर, याच्यावर काय मारू?" पिशवीत काळी, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची, दिसायला भयानक अळी असते. सर भिंग लावतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. हे ढालकिड्याचं पोर. मावा खाऊन जगतं. पानाखाली बारीक दांडीवर उभी असलेली पांढरी अंडी क्रायसोपाची, तीही आपल्याच पक्षाची. फवारा मारला की आधी हे मरतात आणि मावा पुन्हा जोमाने येतो. गुलाबी बोंडअळीचं तर उलटंच. ती बोंडाच्या आत बसते, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी कामगंध सापळे लावून नर पतंग मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ आले, तर मग उपायाचं बोलायचं.

२०१७ च्या हंगामात बोंडअळीने विदर्भाची पऱ्हाटी पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे सांगताना सर कुठलाही फोटो दाखवत नाहीत. फक्त म्हणतात, "आधी त्याचं नाव विचार, मग औषधाचं."

औषध विकणारे प्रत्येक चौकात आहेत. फुकटात, स्वतःच्या पेट्रोलने येऊन तुमच्या धुऱ्यावर पालथा पडणारा गावात हा एकच. तेव्हा पिकावर किंवा भिंतीवर अनोळखी कुणी दिसलं, तर दुकानात जाण्याआधी, चप्पल उचलण्याआधी, त्याचा एक फोटो सरांना पाठवा. प्रत्यक्ष जाणार असाल तर जेवायला उशीर होईल असं घरी सांगून निघा. आणि सरांच्या पायरीवर चपला काढताना खाली पाहून काढा. तिथे कुणीतरी राहायला आलेलं असतं.