नुसतं बघायचे पैसे

ऑटोमॅटिक गाडी घेतली की माणसाचा डावा पाय रिकामा होतो आणि त्याचा वाचलेला सगळा उत्साह डोक्यात चढतो, असं माझं मत आहे. नाहीतर क्लचच्या गाडीत 'जरा जड ओढतेय' एवढ्या तक्रारीवर वर्षानुवर्षं भागवणारा गृहस्थ, 'डी'मध्ये टाकताना बसलेल्या एका धक्क्यावरून थेट सोलेनॉइड आणि वाल्व बॉडीच्या गोष्टी करू लागला नसता. हा गृहस्थ म्हणजे मीच, आणि माझे जातभाई गल्लोगल्ली आहेत. रात्री जागून व्हिडिओ बघायचे आणि सकाळी गॅरेजात तक्रारीऐवजी निकालच घेऊन जायचा, ही आमची रीत. 'टॉर्क कन्व्हर्टर गेलाय,' असं आम्ही अशा सुरात सांगतो, की समोरच्याने फक्त सही करावी. आता आपल्याकडे ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात आली ती 2014 साली, सेलेरिओच्या एएमटीमुळे. त्या प्रकारात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचप्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्राकडे. टॉर्क कन्व्हर्टर तिथे औषधालाही सापडायचा नाही. पण शब्द भारदस्त आहे आणि तो वापरायची संधी पुन्हा कधी येणार?

या मिजाशीची किंमत आपण मोजतो आणि वर 'गॅरेजवाले लुटतात' म्हणून गळा काढतो. लुटतात, काही जण नक्कीच लुटतात. पण लुटीची सोय आपणच करून ठेवली आहे, कारण आपण पैसे देतो ते सुट्या भागाचे. शोधण्याचे देत नाही. 'नुसतं बघायचे कसले पैसे?' हा आपला बाणेदार सवाल. आणि ऑटोमॅटिकमध्ये तर बघणं हेच खरं काम असतं. एएमटीची बॅटरी अशक्त झाली तर गिअर पडेनासा होतो. ब्रेक-लाइटचा क्षुल्लक स्विच बिघडला तर अनेक गाड्यांचा दांडा 'पी'मधून हलत नाही. इंजिनाचं माउंटिंग झिजलं तर 'डी' टाकताच असा दणका बसतो, की मालकाला गिअरबॉक्सचं श्राद्धच दिसू लागतं. आता ज्याने अर्धा दिवस घालवून स्विचच खराब आहे हे शोधून काढलं, त्याने बिल कशाचं करावं? स्विचचं. आणि ज्याने काहीही न शोधता अख्खी असेंब्ली बदलली, त्याने? असेंब्लीचं. या दोघांपैकी कोणाची मुलं चांगल्या शाळेत जातील, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

आवाजाचा विषय इथे निघाला नव्हता, पण तो काढल्याशिवाय मला राहवत नाही. एरवी शाळेच्या संमेलनातही ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही, अशी वयस्क, कर्जफेड पूर्ण केलेली माणसं गॅरेजच्या दारात उभी राहून 'घूंऽऽ' करतात. मग 'नाही, जरा वर, घींऽऽ' अशी दुरुस्ती होते. तेवढ्यात गाडीतून सौभाग्यवती उतरतात आणि 'अहो, घींऽ नाही, आधी खर्र आणि मग टक्' असं सांगून स्वतःच करून दाखवतात. यजमानांना ते 'टक्' मान्य नसतं. तिथल्या तिथे दोन घराणी पडतात. मेकॅनिक हात पुसत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सगळं ऐकून घेतो. हा संयम कुठल्या आयटीआयमध्ये शिकवतात, देव जाणे. मग तो गाडी चक्कर मारायला नेतो आणि गाडी एखाद्या संतासारखी गप्प राहते. पण हसू आवरून सांगतो, की हे नाटक आपल्या निकालापेक्षा कितीतरी कामाचं असतं. वेगाबरोबर चढणारा आणि गाडी वळवताना बदलणारा 'घूंऽऽ' हा बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. गिअरबॉक्सचा त्यात काडीचा संबंध नसतो. आवाज थंड गाडीत येतो की गरम, खंबाटकीच्या चढावर की सपाटीला, एवढं सांगणारा 'घूंऽऽ'वाला हा आदर्श गिऱ्हाईक होय. वाल्व बॉडीवाला नव्हे.

यावर म्हणतील, स्कॅनर लावला की पाच मिनिटांत कळतं, मग शोधायचं काय? स्कॅनर काय सांगतो ते बघा. पी0700 हा कोड आला, की त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या संगणकाला काहीतरी म्हणायचं आहे. काय म्हणायचं आहे ते पुढचे कोड वाचून, तेलाची पातळी ठरलेल्या तापमानाला तपासून (पुष्कळ गाड्यांना त्यासाठी डिपस्टिकच ठेवलेली नाही), गाडी थंड आणि गरम अशी दोनदा चालवून काढावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: अधिकृत सर्व्हिस सेंटर तपासणीचे पैसे घेतं आणि तरीही असेंब्लीच बदला म्हणतं. खरं आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायला स्वच्छ जागा लागते, हत्यारं लागतात, हात लागतो आणि चुकलं तर जबाबदारी घ्यावी लागते. नवा खोका बसवला की गॅरंटी खोक्याबरोबरच येते. त्यात कंपन्यांची सॉफ्टवेअरं कुलूपबंद. गल्लीतला जो माणूस कानाने इंजिन ओळखत मोठा झाला, त्याला ऑटोमॅटिकने दाराबाहेर उभं केलं आहे. तरीही 'हे तेल आयुष्यभर बदलायला नको' असं कंपनी सांगते, तेव्हा 'कोणाच्या आयुष्यभर?' असं विचारणारा तोच असतो.

तो म्हणतो, 'काही झालेलं नाही साहेब, बॅटरी बदला आणि जा.' त्या एका वाक्याने आपले लाखभर रुपये वाचलेले असतात. आपण त्याला चहा पाजतो, 'वा, मास्तर!' म्हणतो आणि सोसायटीत येऊन फुकटात काम झाल्याची फुशारकी मारतो. दवाखान्यात डॉक्टर 'काही नाही, विश्रांती घ्या' म्हणाले तर मात्र फी देऊन, वर हायसं वाटून बाहेर पडतो. मास्तरही माणूसच. पुढच्या खेपेला खरं सांगण्याची हौस त्याला किती परवडेल?

म्हणून माझी सूचना अशी, की गाडी आत घेतानाच तपासणीची फी वेगळी ठरवावी आणि दोष निघो न निघो, ती द्यावी. किती? हजार रुपये तरी हवेत. म्हणजे, किरकोळ काही निघालं तर आठशेही चालतील. आणि नुसती बॅटरीच निघाली, तर पाचशेत त्यानेही समजून घ्यायला हरकत नसावी.