किल्लेदार, मुक्काम हर्णे

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, चाकरमानी मुंबईच्या गाड्यांत कोंबले गेले, की हर्ण्यात एका माणसाचा हंगाम सुरू होतो. बंदरावर मासळीचा हंगाम त्याआधीच सुरू झालेला असतो. पण या माणसाला पापलेटचा भाव विचारलात तर तो म्हणतो, "ते हिला विचारा. मला एमसीलचा विचारा." गाव त्याला किल्लेदार म्हणते. कोकणात काय, घाटावर काय, असा एखादा किल्लेदार प्रत्येक गावाच्या वाट्याला येतोच. वय साठीपुढे, नोकरी एसटीत कंडक्टरची करून झालेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि उजव्या अंगठ्याच्या नखात कायमचा गेरू.

दिवाळीत पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात, महाराजांना गादीवर बसवतात, अळीव पेरतात आणि तोफेशेजारी ट्रॅक्टर उभा करतात. मिसरूड फुटले की बहुतेकांचे हे वेड सुटते. किल्लेदाराचे ते नोकरीभर दबा धरून बसते आणि ग्रॅच्युइटीबरोबर बाहेर पडते. त्यानंतर मात्र त्याच्या किल्ल्यावर ट्रॅक्टर चालत नाही. अळीवही चालत नाही. "त्या मापानं अळीव म्हणजे माडाएवढं गवत झालं," असे म्हणून तो लाकडाचा भुसा हिरवा रंगवून टाकतो. घरच्यांनी भिजत घातलेल्या अळिवाचे मग लाडू होतात.

दिवाळीआधी तो दापोलीच्या बाजारात मावळे आणायला जातो. विक्रेता त्याला लांबूनच ओळखतो आणि माल झाकायला लागतो. कारण किल्लेदार एकेक मावळा उचलून त्याची झडती घेतो. "हा सिंहगडावर चालेल. मला पाण्यातल्या किल्ल्यावर पाहिजे. मावळा सह्याद्रीतला माणूस. त्याला होडीत घातलात तर लढायच्या आधी ओकेल. मला भंडारी पाहिजे, कोळी पाहिजे." विक्रेता शांतपणे सांगतो, "काका, साचा एकच आहे." यावर किल्लेदार दोन डझन मावळे घेतो. साचा एक असला तरी एमसील आपल्या हातात आहे, यावर त्याचा विश्वास आहे.

घरी आल्यावर त्या मावळ्यांचे जे होते ते पाहावे. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल, गाल गुलाबी, मिशा कानापर्यंत आणि कमरेला चंदेरी पट्टा, असा तो बाजारी वीर आधी पॉलिश पेपरने घासून निघतो. मग हेक्सॉ ब्लेडने त्याचा तलवारीचा हात खांद्यातून उतरवला जातो. खांद्याला टोच्याने भोक, भोकात तांब्याची तार, तारेला कोपरात वाक आणि त्यावर एमसीलचा नवा दंड. एमसील मळल्यावर कडक होईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात सुईच्या टोकाने पागोट्याचे पेच काढायचे असतात. तेवढ्या वेळात दूध उतू गेले, फोन वाजला किंवा जावई दारात उभा राहिला, तरी किल्लेदार मान वर करीत नाही. हातात उदबत्तीच्या काडीची तोड्याची बंदूक बसते. तोड्याच्या टोकाला टाचणीने तांबडा ठिपका आणि त्याच्या आत त्याहून बारीक पिवळा. "तोडा पेटलेला दिसला पाहिजे. विझलेला तोडा म्हणजे मेलेला बंदूकवाला." हा पिवळा ठिपका भिंगाशिवाय दिसत नाही. म्हणून पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी भिंग येते.

रंगकामात चहालाही मोठे स्थान आहे. काळे अस्तर, त्यावर मळकट पांढरा, आणि तो वाळला की कोऱ्या चहाचा एक हात. "पांढराशुभ्र अंगरखा साबणाच्या जाहिरातीत असतो. दारूगोळ्यात वावरणाऱ्याचा कसा असेल?" शिवाय सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे घालायला त्याचा सक्त विरोध आहे. मराठ्यांच्या सैन्यात सरसकट गणवेश नव्हता, ज्याचे त्याचे कपडे असत, हे तो पटवून देतो. त्यामुळे दोन डझन माणसांना दोन डझन छटा लागतात. किल्लेदाराच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, मरून नेलपॉलिश ज्या दिवशी कामी आली, त्या दिवसापासून त्यांच्या कपाटाला कुलूप आहे.

ती नेलपॉलिश गेली कंपनीच्या तांबड्या कोटांसाठी. किल्लेदाराचा देखावा एकच आणि वर्षही एकच: एप्रिल 1755. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. किल्ल्यांवर तुळाजी आंग्र्यांची माणसे. समुद्रात कमोडोर विल्यम जेम्स आणि त्याचे 44 तोफांचे 'प्रोटेक्टर' जहाज. इंग्रज करायला जत्रेतले हिरवे प्लास्टिकचे शिपाई उपयोगी पडतात. लोखंडी टोप कापून तिकोनी टोपी करायची आणि स्टेनगनची चकमकीची बंदूक. एकदा हे शिपाई कमी पडले तेव्हा त्याने उरलेल्या मावळ्यांचेच इंग्रज केले. त्या काळचा गोरा शिपाई गुळगुळीत, म्हणून मिशा खरवडल्या. शेजारचा पोरगा बराच वेळ बघून म्हणाला, "काका, ह्या बायका लढाईत कशा?"

खरी पंचाईत पुढेच आहे. इंग्रजांच्या बाजूने त्या मोहिमेत पेशव्यांचे लोक होते. नानासाहेब पेशव्यांचे तुळाजीशी बिनसलेले होते आणि त्यांच्याकडून रामाजी महादेव सैन्य घेऊन किनाऱ्यावर उतरलेले होते. त्यामुळे किल्ला बघायला आलेली पोरे पहिला प्रश्न विचारतात, "काका, आपले कुठले?"

"हे तटावरचे आपले."

"आणि डोंगराकडचे?"

"तेही आपले."

"मग भांडतायत कशाला?"

एसटीच्या नोकरीत सुट्ट्या पैशांवरून न डगमगलेला हा माणूस या प्रश्नाला रंगाची डबी उघडतो आणि बंद करतो.

दुसरा प्रश्न म्हाताऱ्या विचारतात: "महाराज कुठायत?" किल्लेदार समजावतो की महाराज 1680 साली गेले, देखावा 1755 चा आहे. "मग दिवाळी कुणाची करतोस मेल्या?" यावर इतिहासात उत्तर नाही. एका पाडव्याला वहिनींनी तांदळाचा डबा पालथा घातला, त्यावर गादीसकट महाराज बसवले आणि जाहीर केले, "हा रायगड." किल्लेदार संतापला. मग त्याने घरातले होकायंत्र आणले आणि डबा उचलून गॅलरीच्या ईशान्य कोपऱ्यात नेला. रायगड हर्ण्याच्या ईशान्येला आहे. महाराज पाऊणशे वर्षे उशिरापर्यंत बसले तर चालतील, पण भलत्या दिशेला नकोत.

बघायला येणाऱ्यांची व्यवस्था तो जुन्या सवयीने लावतो. "चला, पुढे सरका, आत जागा आहे." सरकणाऱ्याने कोपर आवरायचे असते. गुराब या लढाऊ जहाजाच्या डोलकाठ्या उदबत्तीच्या आहेत, तशा आपल्या बरगड्या नाहीत, हे तो प्रत्येकाला ऐकवतो. मुंबईहून आलेल्या नातवाला कनकदुर्गावर लुकलुकणारे दीपगृह पाहिजे असते, कारण समोर खरे दीपगृह लुकलुकताना रोज दिसते. ते 1755 नंतरचे म्हणून आजोबा नकार देतात. नातू रुसतो. आजोबाही रुसतात.

हे वेड फक्त आपल्याकडचे नाही. विल्यम सायबॉर्न नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या रणभूमीवर आठ महिने मुक्काम करून मोजणी केली आणि सत्तर हजारांवर धातूची माणसे उभी करून 1838 साली लंडनमध्ये देखावा मांडला. सरकारने मध्येच पैसे थांबवले, आणि प्रशियाचे सैन्य नेमके कुठे होते यावरून बडी मंडळी नाराज झाली. पुढे हजारो प्रशियन त्याला उचलावे लागले. किल्लेदार ही गोष्ट सांगतो तेव्हा सख्ख्या भावाची कैफियत सांगितल्यासारखा गहिवरतो. दुसरी गोष्ट तो वहिनी जवळ असताना मुद्दाम काढतो. जेम्स गेल्यावर त्याच्या बायकोने 1784 मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचे नाव दिले. "बघा, बायको असावी तर अशी!" वहिनी आतून म्हणतात, "मी अख्खी गॅलरी दिलीय. तीही तुम्ही जिवंत असताना."

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यात सुवर्णदुर्ग आला. गावात पेढे वाटले गेले, भाषणे झाली. किल्लेदाराने भाषण केले नाही. त्याने महादरवाजाजवळचे कोरीव कासव आणि तटातला मारुती एमसीलमध्ये नव्याने केले, कारण आता बाहेरचे लोक येतील आणि मापे तपासतील, अशी त्याला भीती वाटते.

एवढ्या सत्यवादी माणसाचा एक खोटेपणा मात्र घरात सगळ्यांना माहीत आहे. 1755 मध्ये गोळा पडून गडावरचे दारूकोठार पेटले आणि सुवर्णदुर्ग पडला. कापसाचा काळा धूर तयार आहे, ठिणग्या तयार आहेत, शस्त्रे खाली ठेवणारा किल्ल्यावरचा माणूसही रंगवून तयार आहे. ते सगळे टेबलाच्या खणात आहे. त्याचा देखावा दरवर्षी स्फोटाच्या आदल्या क्षणी थांबतो. विचारले तर सांगतो, "एमसील वाळायचंय."

हर्ण्याला येणारे होडीतून सुवर्णदुर्ग बघतात, संध्याकाळी लिलावातली मासळी घेतात आणि निघतात. दिवाळीत आलात तर किल्लेदाराचे घर विचारा, कोणीही दाखवील. खणाचा विषय तेवढा काढू नका. बाकी देखाव्यात चूक दिसली तर खुशाल सांगा. तो रागावेल, पुरावा मागेल, आणि पुरावा दिलात तर पुढच्या दिवाळीत ती चूक दुरुस्त झालेली असेल. इतिहासावर तावातावाने बोलणाऱ्यांत ही सोय दुसरीकडे फारशी मिळत नाही.