इटालियन मोती आणि आजीची घट

कराडशेजारच्या मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी येऊ लागले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. प्रगतीची पुढची पायरी म्हणजे इटालियन दागिना. महामार्ग सोडून कराडच्या पेठेत शिरायचे आणि काचेमागची यंत्रावर विणलेली चेन दाखवायला सांगायची. ती बहुधा १८ कॅरेटची, म्हणजे शंभरात ७५ भाग सोने. आजीची ठुशी २२ कॅरेटची, जवळजवळ ९२ भाग. कमी सोन्याला जास्त मजुरी मोजायला नजर लागते म्हणे.

इटालियन मोत्यांचे तर विचारूच नका. विचेंझा, अरेझ्झो ही इटलीतली सोनारकामाची गावे खरी, पण मोती काही तिथल्या विहिरीत पिकत नाहीत. आज बाजारातले गोड्या पाण्याचे बहुतेक मोती चीनच्या तळ्यांतले. आपल्या नथीतला बसरा मोती निदान आखातातून यायचा, तोही १८९३ साली मिकिमोतोने जपानात मोती पिकवण्याच्या आधीपासून.

खरी गंमत जुन्याची. मिलानच्या बाईने वापरलेली कुडी ‘विंटेज’, म्हणून भाव चढा. आजीचा तन्मणी काउंटरवर ठेवला की लाख वजा, मोत्याला किंमत शून्य, वर घट. मग तो भट्टीत. सोने गाळणाऱ्या विटा-खानापूरच्या गलाई बांधवांच्या भट्ट्या देशभर आहेत. सोने आजीचे की मिलानचे, ते विचारत नाहीत. उद्या त्याच सोन्यात तांबे मिसळून कुणी १८ कॅरेटची चेन ओढली, तर तीच आपण हौसेने घेऊ. हॉलमार्क तेवढा बघून.