मात्राकाका

कवी नागपुरात गल्लोगल्ली सापडतात. त्यांना धाकात ठेवणारा मात्रामोजा मात्र मोहल्ल्यात एखादाच. आमच्याकडे तो मान मात्राकाकांचा. विदर्भ साहित्य संघात कार्यक्रम असो की रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात, काका तिसऱ्या रांगेत. लोक ‘वाह वाह’ करतात तेव्हा यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. कवी विरहात गळ्यापर्यंत बुडालेला, आणि काका शेजाऱ्याच्या कानात, “एक मात्रा सांडली ना भाऊ!” भटांची ‘गझलेची बाराखडी’ आणि माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ सोडली तर बाकी मराठी साहित्य त्यांनी अजून पास केलेलं नाही.

लग्नात तर त्यांना बोलवावं की नाही असा प्रश्न पडतो. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात, म्हणजे ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती. पुतणीच्या लग्नात मावशीबाईंनी स्वतः रचलेल्या ओळीत नवरदेव, त्याची पदवी आणि कंपनी अशी तिन्ही कोंबली होती. काका दोन्ही हातांनी मोजत राहिले, अक्षता सगळ्या पायाशी सांडल्या. “बावीस!” ते ओरडले. भटजींना वाटलं, मुहूर्ताची मिनिटं.

आता मिहानमधल्या नोकरीपायी सूनबाई पोर्तुगीज शिकते आहे. शब्दाचे तुकडे पाडायचे आणि जोर कुठल्या तुकड्यावर ते ओळखायचं, असा गृहपाठ. काकांना घरात गंगा आली.

“बटाट्याला ते बताता म्हणतात, बाबा.”

“लगागा! य गण!” काका उठून उभे. “चार बटाट्यांत भुजंगप्रयाताची ओळ झाली की वं!”

“तिथे ऱ्हस्व-दीर्घ नाही मोजत. जोर बघतात. शब्द आ, ए, ओ वर संपला आणि डोक्यावर खूण नसली, तर जोर शेवटून दुसऱ्यावर.”

“शेवटून काहून मोजून राहिले?” काका दुखावले. जन्मभर डावीकडून मोजलं होतं. त्यात सूनबाईने ‘साबिया’ काढला. जोर पहिल्या तुकड्यावर दिला तर शहाणी बाई, मधल्यावर दिला तर ‘ठाऊक होतं’, शेवटच्यावर दिला तर ब्राझीलचा राष्ट्रीय पक्षी. काकांनी कौतुकाने सुनेला शहाणी म्हणायचं ठरवलं. आठवडाभर ते तिला पक्षीच म्हणत होते. तिनेही दुरुस्त केलं नाही. सासऱ्याकडून एवढं कौतुक कुठे मिळतं?

परवा पानठेल्यावर भेटले. चेहरा उतरलेला. तंबाखू आपल्याकडे तिन्ही गुरू, भरभक्कम म गण. पोर्तुगालात त्याचा ‘ताबाकू’ होतो आणि सगळा भार एकट्या ‘बा’वर. हा अन्याय त्यांना सहन होईना. ठेल्यावरचा पोरगा पन्नीत खर्रा घोटत होता. काकांनी त्यालाच गाठलं, “तंबाखूत जोर कुठी देतो बे तू?”

“मनगटावर, काका,” पोरगा म्हणाला. “चुना जास्त टाकू का कमी?”