बिननाक्याच्या टोलवसुली साहेबांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. थकबाकी वसुली अधिकारी
(नाका नाही, पावती नाही, पत्ता नाही)
यांसी स.न.वि.वि.

पत्रास कारण की, आपला संदेश पोचला. 'तुमच्या वाहनाचा टोल थकला आहे. आज रात्री बाराच्या आत खालील लिंकवर भरा, अन्यथा वाहन काळ्या यादीत जाईल.' बाकी किती, तर 45 रुपये. साहेब, रक्कम ठरवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. पाच हजार मागितले असते तर माणसानं चार ठिकाणी फोन केले असते. 45 रुपयांसाठी जुहूत कोण चौकशी करणार? एवढ्यात चौपाटीवर पावभाजीही येत नाही. शिवाय आपल्याला ते 45 नकोतच; हवा आहे कार्डाचा नंबर, त्यामागचे तीन आकडे आणि पाठोपाठ येणारा ओटीपी.

फक्त गृहपाठ कच्चा राहिला. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंकडे आपण वांद्रे-वरळी सी लिंकचा टोल मागितलात. काकूंकडे स्कूटर आहे, आणि 2009 साली खुल्या झालेल्या सी लिंकवर दुचाकीला आजही मज्जाव आहे. काकू हवेतून गेल्या असल्या तर गोष्ट वेगळी. जुहूला 1928 पासून विमानतळ आहे म्हणा. वरच्या मजल्यावरच्या मोटारवाल्यांच्या नावे दहिसर नाक्याची बाकी काढलीत. तिथं 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मोटारींना टोलच नाही. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन्ही नाके, तिथंही माफ. जिथं टोल आहे तिथं फास्टॅगमधून नाक्यावरच पैसे कापले जातात. शंका आलीच, तर फास्टॅग देणाऱ्या बँकेचं ॲप उघडून हिशेब बघता येतो.

लिंकवर मात्र मेहनत दिसली. 'गव्ह' आहे, 'इन' आहे, मध्ये आडवी रेघ आणि शेवटी 'डॉट टॉप'. सरकारी पत्ता सहसा पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी 'डॉट गव्ह डॉट इन'नं संपतो, एवढंच आपण विसरलात.

न्यू जर्सीतल्या आमच्या भाचीलाही आपल्याच खात्याकडून ई-झेडपासची, म्हणजे तिथल्या फास्टॅगची, बाकी आली. एफबीआयनं एप्रिल 2024 मध्ये या प्रकाराबद्दल इशारा दिला, तोवर दोन हजारांवर तक्रारी झाल्या होत्या. तिथं आपण आधी 'वाय' असं उत्तर पाठवायला सांगता. आयफोन अनोळखी नंबरावरून आलेली लिंक दाबू देत नाही. उत्तर गेलं की ओळख पटली असं समजतो. फोनलाही भोळा करून सोडलात!

पण आपल्यापेक्षा आपले धाकटे बंधू पोचलेले. ते 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर धाडतात. ती फोनमध्ये बसली की मेसेज वाचायची परवानगी मागते, ओटीपी परस्पर पळवते आणि त्याच फोनवरून सोसायटीच्या ग्रुपवर हिंडायला लागते. मग पाठवणारा अनोळखी कुठला? वर नाव आमच्याच सेक्रेटरींचं. त्यात जुहूत नो पार्किंगमध्ये गाडी कधीच लावली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आधीच मन खात असतं, बोट आपोआप फाइलवर जातं. वास्तविक चलान बघायला फाइल लागतच नाही. वाहतूक पोलिसांचं ई-चलान संकेतस्थळ स्वतः उघडायचं, गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकायचे, की असेल नसेल ते समोर येतं.

एका बाबतीत आपली बाजू घेतो. मराठी मोडकी असली की संदेश खोटा, असं आम्हांला सांगतात. सरकारचे खरे संदेश या सल्लागारांनी वाचलेले दिसत नाहीत. तिथली मराठी आपल्याइतकीच लंगडी, लिंक तशीच आखूड, आणि दंडाची भीतीही तीच. आपला निम्मा धंदा त्या कारकुनी भाषेवर चालतो. कधीतरी आभाराचं पत्र मंत्रालयात पाठवा.

काकूंनी आपला संदेश सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या 'चक्षू' या तक्रारखिडकीकडे रवाना केला आहे, नंबरासकट. ज्यांचे पैसे आपल्याकडे पोचले ते सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करतात. वेळेवर केला, तर आपण रक्कम पुढच्या खात्यांत पांगवण्याआधी ती बँकेतच गोठवता येते. रात्री बाराची घाई आपल्याला का असते, ते त्यामुळं नीट कळलं.

आपला लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला थकबाकीदार,
जुहू