फडक्याची कसोटी : फुटबॉलच्या जर्सीत निष्ठा नेमकी कुठे असते, याविषयी एक लघुप्रबंध

१. विषयप्रवेश

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत कोल्हापूरला बहिणीच्या घरी फडकी कमी पडली. बहिणीनं दारामागच्या खुंटीवरची एक विटकी जर्सी ओढली, काखेतल्या उसवलेल्या शिवणीत कात्री घातली, आणि तेवढ्यात तिचा मुलगा आतल्या खोलीतून धावत आला. "आई, ती नको!"

जर्सी मँचेस्टर युनायटेडची. २०१५ साली, भाचा अकरा वर्षांचा असताना, मीच ती मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून साडेतीनशे रुपयांना आणली होती. विक्रेत्याच्या भाषेत 'फर्स्ट कॉपी'. भाच्याला मँचेस्टर आवडतं म्हणून आणली असं नाही. लहान मापात गाड्यावर तेवढी एकच उरली होती. तेव्हापासून भाचा युनायटेडचा. आज तो पाच फूट दहा इंच आहे आणि जर्सी त्याच्या कोपरापुढे चढत नाही. मी नवी, अस्सल, पावतीसकट घेऊन द्यायची तयारी दाखवली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नवी घ्याच मामा. पण ही ऱ्हाऊ दे."

क्रीडासाहित्याच्या कंपन्या ज्या वस्तूसाठी कोट्यवधी पौंड मोजतात, ती वस्तू त्या क्षणी आमच्या बहिणीच्या हातात होती आणि तिच्यात कात्री अडकलेली होती. ती वस्तू, म्हणजे निष्ठा, जर्सीच्या नेमक्या कोणत्या भागात होती, एवढाच या प्रबंधाचा प्रश्न आहे.

पद्धत जुनीच घेतली आहे. मिलिंद राजाच्या भेटीत भदंत नागसेनांनी त्याला विचारलं होतं, की रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. तशीच आपण जर्सी उसवत जाऊ.

२. पहिला पूर्वपक्ष : निष्ठा खांद्यावरच्या पट्ट्यांत असते

या मताचं उगमस्थान जर्मनीतल्या बव्हेरियातलं हेर्त्सोगेनआउराख हे छोटं गाव. इथं आडोल्फ आणि रुडॉल्फ या डासलर बंधूंचा बुटांचा एकत्र कारखाना होता. १९४८ मध्ये वाटण्या झाल्या. आडोल्फनं, म्हणजे आडीनं, आपली कंपनी काढली ती आदिदास, रुडॉल्फची प्यूमा. भांडण कशावरून झालं याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण भाऊबंदकीला कारण लागतं हे गृहीतकच मुळात परकं आहे. आपल्याकडे असं भांडण बांधावरून होतं आणि दोन-तीन पिढ्यांनी दिवाणी कोर्टात विझतं. तिथं ते गावभर पसरलं. मधून आउराख नदी वाहते, गावात दोन फुटबॉल क्लब, एक या घराचा, एक त्या घराचा. समोरच्याशी बोलण्याआधी लोक त्याच्या पायांतले बूट पाहून घेत, म्हणून त्याला 'वाकलेल्या मानांचं गाव' असं नाव पडलं. दोघे भाऊ एकाच दफनभूमीत आहेत, पण दोन टोकांना.

इतक्या भक्कम पुराव्यापुढे हा पूर्वपक्ष मान्यच करावा लागला असता. पण आड आला योहान क्रायुफ. १९७४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सची जर्सी आदिदासची होती आणि क्रायुफचा करार प्यूमाशी. भावकीत कुणा एकाचंच जेवण जेवायचं असतं हे तो जाणून होता. त्यानं तीन पट्टे घालायला नकार दिला, आणि संघातल्या इतरांच्या बाहीवर तीन पट्टे असताना त्याच्या बाहीवर दोनच आले. निष्ठा पट्ट्यांत असती, तर क्रायुफची देशनिष्ठा दोन-तृतीयांश भरली असती. पण अंतिम सामना पश्चिम जर्मनीनं २–१ असा जिंकल्यावरही पराभवाचं खापर कुणी हरवलेल्या तिसऱ्या पट्ट्यावर फोडलं नाही.

एक उलट दाखला नोंदवणं प्रामाणिकपणाचं होईल. २०२४ च्या मार्चमध्ये जर्मन फुटबॉल महासंघानं जाहीर केलं, की २०२७ पासून राष्ट्रीय संघाची जर्सी आदिदासऐवजी नायकी शिवेल. सत्तर वर्षांहून जुना संबंध तुटणार म्हटल्यावर आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक यांनी थोडा अधिक देशाभिमान दाखवला असता तर बरं झालं असतं, अशा अर्थाची खंत व्यक्त केली. महासंघाचं उत्तर सरळ होतं : नायकीची बोली सर्वांत मोठी होती. यावरून एवढंच सिद्ध होतं, की पट्ट्यांत निष्ठा मंत्र्यांना दिसते. खजिनदारांना दिसत नाही.

३. दुसरा पूर्वपक्ष : निष्ठा छातीवरच्या अक्षरांत असते

छातीवर जाहिरात लावण्याचा इतिहास हा मुख्यतः पळवाटांचा इतिहास आहे. १९७३ मध्ये जर्मनीतल्या आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबला येगरमाइस्टर या मद्याची जाहिरात छातीवर हवी होती. महासंघ म्हणाला, जाहिरात चालणार नाही. क्लबचं बोधचिन्ह चालेल. तेव्हा क्लबच्या सभासदांनी रीतसर मतदान करून आपल्या बोधचिन्हातला सिंह काढला आणि बाटलीवरचं हरीण बसवलं. कुलदैवत बदलायचा ठराव इतक्या सहज मंजूर झाल्याचं दुसरं उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

इंग्लंडमध्ये १९७६ साली केटरिंग टाउन या खालच्या श्रेणीतल्या क्लबनं छातीवर 'केटरिंग टायर्स' लिहिलं. फुटबॉल असोसिएशननं ते काढायला लावलं. क्लबचे सूत्रधार डेरेक डूगन यांनी 'टायर्स'मधला पहिला 'टी' ठेवून बाकीची अक्षरं काढली आणि सांगितलं, की हा 'टी' म्हणजे 'टाउन'. असोसिएशननं दंडाची धमकी दिल्यावर तोही गेला. एका अक्षराचे दोन अर्थ लावून दोन्ही प्रमाण ठरवण्याची ही कसरत आपल्याकडच्या ग्रंथांच्या टीकाकारांना नवी नाही. फक्त त्यांना त्यासाठी दंडाची धमकी मिळत नसे.

बार्सिलोनानं छाती २००६ पर्यंत कोरी ठेवली, आणि लिहिलं तेव्हा युनिसेफचं नाव लिहिलं. त्यासाठी पैसे घेतले नाहीत, उलट वर्षाला पंधरा लाख युरो दिले. पाच वर्षांनी तिथं कतार फाउंडेशन आलं, आणि त्यानं मात्र पैसे दिले. उपवास इतका वेळ केला, की पारणं जोरात झालं.

आता युनायटेडच्या छातीवर नांदलेली घराणी पाहू. शार्प (१९८२–२०००), व्होडाफोन (२०००–०६), एआयजी (२००६–१०), एऑन (२०१०–१४), शेव्हर्ले (२०१४–२१), टीमव्ह्यूअर (२०२१–२४), आणि २०२४ पासून स्नॅपड्रॅगन. म्हणजे टीव्ही, मोबाइल, विमा, विम्याची दलाली, मोटार, सॉफ्टवेअर, चिप. यांपैकी एआयजी छातीवर असतानाच २००८ मध्ये बुडायला आली आणि अमेरिकन सरकारनं तिला वर काढलं; विमा कंपनीचाच विमा लागू झाला. शेव्हर्लेची कथा तर आणखी गहन. छातीवर येण्याआधीच, २०१३ मध्ये, कंपनीनं युरोपातून ही गाडी काढून घ्यायचं जाहीर केलं होतं. २०१७ च्या अखेरीस तिची भारतातली विक्रीही थांबली. म्हणजे भाचा कोल्हापुरात अशा गाडीची जाहिरात छातीवर मिरवत होता, जी मँचेस्टरमध्ये नवी मिळेनाशी झाली आणि पुढे कोल्हापुरातही. त्यानं ती अक्षरं कधी वाचली का, असं मी विचारलं. "काय लिहिलं होतं मामा?" त्यानं मलाच विचारलं. पूर्वपक्ष खंडित.

४. तिसरा पूर्वपक्ष : निष्ठा रंगात असते

हे मत सर्वांत बलवान आहे. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी निळी जर्सी बदलून लाल केली. क्लबचं टोपणनाव 'ब्लूबर्ड्स'. निळे पक्षी तांबडे झाल्यावर समर्थकांनी जो गदारोळ मांडला तो २०१५ च्या जानेवारीत निळा परत येईपर्यंत थांबला नाही.

रंगाची ताकद कंपन्यांना अधिक ठाऊक आहे. ग्लासगोत सेल्टिकच्या छातीवर ज्याचं नाव, त्याचा माल रेंजर्सवाले घेणार नाहीत, आणि उलटही. म्हणून १९८४ मध्ये खिडक्या बसवणाऱ्या सी. आर. स्मिथ या कंपनीनं दोन्ही क्लबांना एकदमच पैसे दिले. पुढे एनटीएल आणि कार्लिंग यांनी तेच केलं. आपल्याकडे कोलकात्यात १९९८ साली यूबी समूहानं मोहन बागानच्या नावापुढे व्हिस्कीचं नाव लावलं आणि ईस्ट बेंगालच्या पुढे बिअरचं. हरलेला आणि जिंकलेला दोघेही संध्याकाळी एकाच गल्ल्यात पैसे टाकणार. गोव्यात हा व्यापच नको म्हणून धेंपे, साळगावकर यांच्या क्लबांना थेट घराण्यांचीच नावं आहेत.

तरीही रंगात निष्ठा आहे असं म्हणवत नाही, कारण युनायटेडच्याच समर्थकांनी ते खोटं ठरवलं. ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. २०१० मध्ये निषेध म्हणून हजारोंनी लाल सोडून हिरवे-सोनेरी मफलर घातले. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ नावानं क्लब काढला, त्याचे हे रंग. मार्चमध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमनं सामना संपल्यावर तोच मफलर उचलून गळ्यात घातला. निष्ठेपायी रंग टाकून देता येत असेल, तर निष्ठा रंगात नव्हती.

करड्या जर्सीचा उल्लेख केला नाही, तर प्रबंध अपुरा राहील. १३ एप्रिल १९९६ ला साउदॅम्प्टनमध्ये मध्यंतराला ३–० असं मागे पडल्यावर युनायटेडनं करडी जर्सी बदलून निळी-पांढरी घातली. गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपलेच खेळाडू एकमेकांना दिसत नाहीत, ही व्यवस्थापक फर्ग्युसन यांची तक्रार. सामना ३–१ असा गेला, करडी जर्सी पुन्हा दिसली नाही. समर्थक मात्र त्याही दिवशी हजर होते. त्यांना सगळं दिसत होतं.

५. करारमीमांसा

मग कंपन्या नेमकं काय विकत घेतात? २०१४ मध्ये आदिदासनं युनायटेडशी दहा वर्षांसाठी ७५ कोटी पौंडांचा करार केला. २०२३ मध्ये तो आणखी दहा वर्षांसाठी, ९० कोटींवर, वाढवला. मूळ करारात एक कलम होतं : संघ लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन्स लीगमध्ये नसेल, तर त्या वर्षीच्या रकमेत ३० टक्के कपात.

कंपनी म्हणजे भागीदार. हरलात तर भाव पाडून मागते. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधरावा आला. भाच्याच्या करारात कपातीचं कलम नाही, मुदत नाही, आणि सहीच नाही. त्या वर्षी तो तीस टक्के कमी ओरडला, असं शेजाऱ्यांच्याही ऐकिवात नाही.

२०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यू बॅलन्स विरुद्ध लिव्हरपूल असा खटला उभा राहिला. नायकीइतकी बोली आम्ही दिली तर जर्सी आमच्याकडेच राहिली पाहिजे, असं न्यू बॅलन्सचं म्हणणं. नायकीच्या बोलीत मात्र लेब्रॉन जेम्स, सेरेना विल्यम्स आणि ड्रेक यांच्या तोडीच्या तारकांकरवी प्रचाराचं आश्वासन होतं. तेवढं न्यू बॅलन्सला जमलं नाही, आणि जर्सी गेली. एक बास्केटबॉलवाला, एक टेनिसवाली, एक गायक. आणि ज्यांच्या जोरावर ती जर्सी खपते ते समर्थक कोर्टाच्या हिशोबात नव्हते, कारण त्यांना कुठूनही कुठे नेता येत नाही.

इथं प्रमेय मांडतो. जर्सीचा पुरवठादार बदलतो, प्रायोजक बदलतो, मालक बदलतो. म्हणूनच या सगळ्यांना भाव येतो. समर्थक बदलत नाही. म्हणून त्याला भाव येत नाही, त्याच्यावर भाव लावला जातो. दरवर्षी नवी जर्सी येते ती त्याच्यासाठीच, आणि तीही दोन प्रतींत. 'प्लेअर व्हर्जन' महाग आणि अंगाला घट्ट, 'फॅन व्हर्जन' स्वस्त आणि पोटाला सामावून घेणारी. जो खरा बांधलेला आहे, त्याला सैल देतात.

कोल्हापूरकर यावर आक्षेप घेतील. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ खेळतात तेव्हा जर्सी कुणी शिवली हे कोण विचारतं? माणूस ज्या पेठेत जन्मला, ती त्याची तालीम. आक्षेप योग्य आहे आणि प्रमेयाला पोषकच. पेठ माणूस निवडत नाही. भाच्यानंही मँचेस्टर निवडलं नव्हतं; ते गाड्यावर लहान मापात उरलं होतं.

६. प्रयोग

आता ती जर्सी. पहिल्याच पावसाळ्यात शेव्हर्लेची अक्षरं तडकली आणि बादलीत सोनेरी कोंडा तरंगू लागला. मग डाव्या खांद्यावरचा एक पट्टा सुटला, आणि जर्सी काही महिने क्रायुफची झाली. बोधचिन्हाची कड आधी वळली, मग ते पूर्ण सुटलं. ते कंपासपेटीत गेलं आणि पुढे कंपासपेटीच गेली. रंग लालचा विटकरी, विटकरीचा गुलाबी. इटलीतल्या युव्हेन्टसची पहिली जर्सीही गुलाबीच होती. ती धुऊन धुऊन इतकी फिकी पडली, की १९०३ मध्ये त्यांनी इंग्लंडहून नव्या मागवल्या आणि नॉटिंगहॅमहून नॉट्स काउंटीच्या काळ्या-पांढऱ्या आल्या. त्या आजतागायत आहेत. युव्हेन्टसनं जर्सी बदलली, कारण त्यांना सामना खेळायचा होता. भाच्याला खेळायचं नव्हतं.

कात्री लागली तेव्हा त्या कापडावर पट्टे नव्हते, अक्षरं नव्हती, चिन्ह नव्हतं आणि रंगही नव्हता. नागसेनांचा रथ सुटा केला की रथ उरत नाही. ही जर्सी पूर्ण सुटी होऊनही उरली होती.

७. निगमन

म्हणून निष्ठेची एकच विश्वसनीय कसोटी प्रस्तुत लेखक सुचवतो. घरात फडकी कमी पडली असताना जो कपडा कात्रीतून वाचतो, तो निष्ठेचा. बाकी सगळी जाहिरात.

शास्त्राचा नियम म्हणून तुलनेसाठी दुसरा नमुनाही तपासला. माळा शेवटी माझ्या टी-शर्टनं पुसला गेला. एका बँकेनं पुरस्कृत केलेल्या मॅरेथॉनमध्ये तो मला फुकट मिळाला होता. पाठीवर बँकेचं नाव ठळक, अक्षरं एकूण एक शाबूत, रंग कोरा. तो घालून मी सहा किलोमीटर धावलो होतो. बहिणीनं त्याचे उभे दोन तुकडे केले तेव्हा कुणी धावत आलं नाही. मीसुद्धा नाही.