उरवड्याचे नाखवा

आमच्या मुळशीत भात पिकतो, पाऊस तर पिकतोच पिकतो आणि अलीकडे पिरंगुटच्या बाजूने कारखानेही पिकले. मासेमारी मात्र ओढ्यातले खेकडे धरण्यापुढे कधी गेली नाही. तरीही उरवड्यातल्या एका मामांना पंचक्रोशी ‘नाखवा’ म्हणून ओळखते.

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर ते अवतरतात. डोक्यावर लाल टोपी, कमरेला कोळ्यांसारखा त्रिकोणी रुमाल आणि त्याखाली शाळेच्या पीटीची हाफ पँट, कारण घाटावर एवढं उघडं चालत नाही. वल्हं कंपनीतल्या पॅकिंगच्या फळीचं. जाळं म्हणून कुणाच्या तरी पॉलिहाऊसचं हिरवं शेडनेट. पापलेट पुठ्ठ्याचं, वर चांदीचा कागद. कोळी भाषेचे त्यांचे नियम दोनच. ‘ळ’ दिसला की ‘ल’ म्हणायचा आणि वाक्य संपलं की ‘गो’ लावायचा, मग समोर सरपंच असोत की पौडचे फौजदार. ट्रॅक सुरू झाला की मामा कोरड्या फळ्यांवर अशी होडी हाकतात की पुढच्या रांगेतल्या बायका पाय वर घेतात.

यातली मेख अशी की मामा माळकरी आहेत. मासा त्यांच्या घरात शिरत नाही. गाण्याच्या वेळी तुळशीची माळ सदऱ्याच्या आत जाते आणि पुठ्ठ्याचं पापलेटसुद्धा ते शेपटीला दोन बोटांनी धरतात.

असे मामा घाटावर गावोगाव सापडतील. शाळेचं स्नेहसंमेलन कोळी नृत्याशिवाय पार पडत नाही आणि हळदीचा डीजे कोळीगीताशिवाय. पण यात मामांचा एकट्याचा काय दोष? ‘मी डोलकर’ लिहिलं शांता शेळक्यांनी. त्यांचा जन्म इंदापूरचा, १९२२चा. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायले लतादीदी आणि हेमंतकुमार, आणि हेमंतकुमार तर बंगाली, जन्मले वाराणसीत. ज्या नाखव्याला ऐकत आपण मोठे झालो, त्याचा गळा असा कलकत्त्याकडचा. हे कुणीतरी सांगितलं तेव्हा मामांना केवढा धीर आला! ‘मग मी निदान मराठी तरी आहे,’ म्हणाले.

त्यांच्या मागे नाचणाऱ्या पोरांत एक महादेव कोळी आहे, मूळचा जुन्नरकडचा. महादेव कोळी म्हणजे सह्याद्रीच्या डोंगरातली माणसं. इंग्रजांशी लढून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे त्यांच्यातले. दर्याशी त्यांचा संबंध मामांइतकाच. पण मामांनी त्याला ‘तू तर ओरिजनल!’ म्हणत पहिल्या रांगेत उभं केलं. ओरिजनलने समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत अलिबागला, आणि तेव्हा ओहोटी होती.

मध्यंतरी मामांनी ‘मद्रासी’ आयटमही बसवला होता. १९६८च्या ‘पडोसन’मधला मेहमूदचा दाक्षिणात्य गवई, ज्याला आवाज मन्ना डेंचा, म्हणजे पुन्हा बंगालीच. कपाळावर भस्माचे पट्टे, लुंगी, शेंडी. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातली पोरं केरळच्या सुपरवायझरला त्याच चालीत हाका मारू लागली. तो बिचारा मल्याळी, गवई तमिळ, पण पोरांना कुठला फरक? तो चहाला यायचा बंद झाला, तेव्हा मामांनी शेंडी पेटीत टाकली ती पुन्हा काढली नाही. हे मला त्यांच्या सगळ्या कलेपेक्षा मोठं वाटतं. एकनाथ महाराजांनी भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव अशी किती सोंगं घेतली. ती लोकांना शहाणं करायला. मामांना तेवढं जमणारं नाही, पण हसू आपल्यावर येतंय की समोरच्यावर, एवढं त्यांना कळतं.

खरी परीक्षा पुढेच होती. भावकीतल्या एका पोराने मुंबईत नोकरी करता करता वेसाव्याची मुलगी पसंत केली आणि लग्नाच्या आदल्या रात्री खरेखुरे कोळी उरवड्यात उतरले. मामा गोठ्यात लपले. पोरांनी शोधून, टोपी घालून स्टेजवर ढकलले. पहिल्या कडव्याला आवाज फुटेना. दुसऱ्याला पाहुण्यांतल्या एक मावशी पदर खोचून वर आल्या आणि त्यांनी मामांच्या हातातलं जाळं काढून घेतलं. ‘डोल काय अशी मारतात? ती खांबांना बांधून पाण्याच्या ओढीत लावायची. मासळी आपल्या पायांनी येते आत.’ मग मावशी नाचल्या, मामा मागे मागे नाचले आणि मंडप उठला.

आता पाहुण्यांचा आयटम. त्यांनी घरून बसवून आणलं होतं ‘मावळे’! भगवे फेटे, चिकटवलेल्या मिशा, पत्र्याच्या तलवारी, ‘हर हर महादेव’. तीन मिनिटं मामांनी कसंबसं सोसलं. मग उठून ओरडलेच, ‘अरे, मावळा असा कंबर हलवतो का? आणि तो फेटा आहे की टॉवेल?’ बारा मावळांचं रक्तच ते. मामा स्टेजवर चढून एकेकाचा फेटा सोडवू लागले. मावशींनी खालूनच दटावलं, ‘बसा नाखवा! तुमचा आम्ही बघितला ना गुमान?’

मामा बसले. आता दर नारळी पौर्णिमेला वेसाव्याहून त्यांना फोन येतो, आणि ते फोनवरसुद्धा ‘गो’ लावून बोलतात. गणपतीच्या दिवसांत पिरंगुटवरून लवासाच्या रस्त्याला लागलात, तर रात्री उरवड्यात जरूर थांबा. जेवायला मामा आग्रहाने नेतील. पिठलं-भाकरी मिळेल, मासे मागू नका.